सतरावरचा सुळका

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक मला अजून विचारतात, "देशमाने, यातलं कोणतं यंत्र चांगलं?" पुतण्याच्या कारखान्यात काही मोजायचं असतं, ओळखीच्या प्राध्यापकाला महाविद्यालयासाठी काही घ्यायचं असतं, आणि प्रत्येकाच्या हातात गुळगुळीत कागदाची माहितीपत्रकं असतात. मी उलट विचारतो, मोजायचं काय आहे? यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो, कारण ते अजून ठरलेलंच नसतं. आधी यंत्र आणायचं आणि मग त्याच्यासाठी काम शोधायचं, ही आपल्याकडची रीत आहे. त्या रीतीत माझी उमेदीची वर्षं गेली.

मी मूळचा संगमनेरचा, रेडिओ दुरुस्त करणारा. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा नगरजवळच्या एका वाहन चाचणी केंद्रात मला तंत्रसहाय्यकाची नोकरी लागली. ट्रेलर, ट्रकच्या चासी, बसचे सांगाडे खडबडीत रस्त्यावरून पळवायचे आणि ते कुठे किती हादरतात ते मोजून द्यायचं, हे केंद्राचं काम. आज ते केंद्र नाही. त्या जागी मंगल कार्यालय झालंय, आणि जिथे आमची प्रयोगशाळा होती तिथे वरपक्षाला उतरवतात. एकंदरीत जागेचा उपयोग सुधारला असं माझं मत आहे.

बाहेरच्या माणसासाठी धंदा थोडक्यात सांगतो. हादरणाऱ्या वस्तूवर सुपारीएवढा एक संवेदक बसवायचा. हादरा बसला की तो विजेचा बारीकसा संकेत देतो, त्यालाच सिग्नल म्हणायचं. जुन्या यंत्रात हा सिग्नल कागदावर नागमोडी रेघ होऊन उमटायचा. डिजिटल सिग्नल अ‍ॅनालायझर रेघ ओढत नाही. तो ठरावीक अंतराने सिग्नलकडे एकेक नजर टाकतो, दिसेल तो आकडा टिपतो, आणि त्या आकड्यांवरून सांगतो की यात सेकंदाला दहा वेळा होणारी थरथर इतकी, पन्नास वेळा होणारी इतकी. जिथे थरथर जास्त तिथे पडद्यावर सुळका उभा राहतो.

गोम अशी की दोन नजरांच्या मधे काय घडलं ते यंत्राला कळत नाही. ट्यूबलाइटखाली पंखा कधी कधी उलटा आणि सावकाश फिरताना दिसतो, तसंच हे. पंखा त्याच्या वेगाने फिरतच असतो, दिवा लुकलुकत त्याला तुकड्यातुकड्याने दाखवतो. म्हणून नियम असा, की जी थरथर मोजायची तिच्या दुपटीहून जास्त वेळा नजर टाकली पाहिजे, आणि त्याहून वेगाचं जे काही सिग्नलमध्ये असेल ते यंत्रात शिरण्याआधीच गाळून टाकलं पाहिजे. गाळणाऱ्या पेटीला फिल्टर म्हणतात. ती पेटी नसली तर वेगवान थरथर सावकाश थरथरीचं सोंग घेऊन पडद्यावर येते. सोंग इतकं बेमालूम असतं की नुसता सुळका बघून ते ओळखता येत नाही.

परदेशी मदतीतून केंद्राला असा अ‍ॅनालायझर मिळणार असं ठरलं तेव्हा खरेदी समिती नेमली गेली. अध्यक्ष आमचे डॉ. केळशीकर. हे पदार्थविज्ञानातले डॉक्टर, परदेशातून शिकून आलेले, हुशार, आणि हाताला तेल लागू न देणारे. तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आली. त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. समिती बसली, चिवडा आला, आणि ज्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा त्या यंत्रावर खूण झाली. निवडलेलं यंत्र सेकंदाला पन्नास हजार नजरा टाकू शकत होतं. आमचे ट्रेलर सेकंदाला दहा, वीस, फार तर चाळीस वेळा हलायचे. हे पन्नास हजार कशासाठी, असं कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला कमी समज आहे असं दिसलं असतं.

फिल्टरची पेटी वेगळी घ्यावी लागणार होती. आयातीच्या परवान्यात सगळं बसेना, तेव्हा काय वगळता येईल ते मला लिहायला सांगितलं. मी फिल्टरसमोर लिहिलं, 'वाहनांच्या कामास आवश्यक नाही.' ते खोटं नव्हतं. टायर आणि स्प्रिंगा वेगवान थरथर स्वतःच खाऊन टाकतात, चासीपर्यंत ती पोचतच नाही. पण ते वाक्य माझं आहे, माझ्या चांगल्या अक्षरातलं आहे, आणि ते मी डॉक्टरांच्या माथी मारत नाही. फिल्टर वगळला गेला. यंत्र झाकायचं मरून रंगाचं मखमली आवरण यादीत होतं, ते मात्र आलं.

यंत्र आल्यावर नारळ फुटला. प्रयोगशाळेत चपला काढून जायचं ठरलं. डॉक्टरांनी नजरांचं बटण पाचशेवर लावलं, आमच्या वाहनांना ते पुरेसं होतं, आणि कोणी खुडबुड करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. पन्नास हजारांचं यंत्र पुढे पाचशेवरच चाललं.

यंत्राची कीर्ती जिल्हाभर झाली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. संगमनेरच्या एका दूध संघाचे व्यवस्थापक आले. त्यांचा बर्फाचा कॉम्प्रेसर धडधडत होता. मी तिथे गेलो, पायाला हात लावला आणि एक बोल्ट सैल आहे असं सांगितलं. पाना मागवून तो आवळला. धडधड थांबली. व्यवस्थापक नाराज झाले. नगरहून माणूस बोलावला आणि त्याने नुसता हात लावला, हे संचालकांना सांगायचं कसं? त्यांना आलेख हवा होता. शेवटी मी बंद पडलेल्या धडधडीचा एक आलेख काढून दिला. त्यांनी तो चौकटीत बसवून कचेरीत लावला.

इथवर नुसती गंमत होती. आता जे सांगतो त्यात गंमत नाही.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या अलीकडे एक साखर कारखाना होता. नाव लिहीत नाही. त्याच्या पॉवर हाऊसमध्ये वाफेची टर्बाइन होती, तिच्यापुढे गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सपुढे वीज तयार करणारं जनित्र. टर्बाइन फार वेगाने फिरते, जनित्राला तेवढा वेग नको असतो, म्हणून मधे दात्यांची दोन चाकं, एक लहान, एक मोठं. गळीत हंगाम सुरू होऊन महिना झाला आणि हा सगळा संच थरथरायला लागला. चीफ इंजिनिअर वाघचौरे यांनी केंद्राला पत्र पाठवलं. डॉक्टर, मी आणि टेप रेकॉर्डर असे जीपमधून निघालो. अ‍ॅनालायझर कपाटाएवढा, तो हलवायचा नाही. सिग्नल टेपवर भरून आणायचा आणि नगरला यंत्राला ऐकवायचा, अशी आमची पद्धत.

तिथे शमुवेल साळवे भेटला. कारखान्याचा हेड फिटर, बेलापूरचाच, पन्नाशीच्या आतबाहेरचा, सगळे त्याला शमुवेल मिस्त्री म्हणत. हंगामापूर्वीच्या दुरुस्तीत तो संच त्यानेच खोलून पुन्हा बसवला होता. पायाचे बोल्ट, पायाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, सगळं त्याच्या हातचं. मी संवेदक बसवत होतो तोवर त्याने एक लांब पेचकस घेतला, टोक पायावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मग जनित्रावर, मग गिअरबॉक्सवर. झाल्यावर तो डॉक्टरांकडे आला.

"साहेब, पाया गप हाय. डबा वरडतोय. बारक्या चाकाचे दात गेलेत. वरची खिडकी उघडून बगा, तासाभराचं काम हाय."

गिअरबॉक्सला वर एक झाकण असतं, सहा नटांचं, आत डोकावून बघायला. मिस्त्री हे वाघचौऱ्यांना पंधरा दिवस सांगत होता. पण झाकण काढायचं तर संच थांबवावा लागतो, संच थांबला की अर्धं गाळप थांबतं, आणि गाळप थांबवणाऱ्याला संचालक मंडळापुढे उभं राहावं लागतं. वाघचौऱ्यांना तसं उभं राहायचं नव्हतं. फिटरचा कान सोडून दुसऱ्या कोणाचा तरी कागद त्यांना हवा होता.

डॉक्टरांनी हसत विचारलं, सेकंदाला किती वेळा ओरडतोय? मिस्त्री म्हणाला, तेवढं मोजता येत न्हाई, लई बारीक आवाज हाय. डॉक्टरांनी मला वहीत 'कामगाराचे मत' असं लिहून घ्यायला सांगितलं. मी लिहून घेतलं. खरं सांगायचं तर तो बारीक आवाज मलाही ऐकू येत होता. रेडिओवाल्याला सेकंदाला हजार थरथरींचा सूर पाठ असतो, आणि हा त्याच्या बराच वरचा होता. मी बोललो नाही. नोकरीत कायम होण्याचा माझा कागद त्या दिवसांत डॉक्टरांच्या टेबलावर होता. एवढंच कारण, दुसरं शोधून सापडत नाही.

नगरला येऊन टेप यंत्राला लावली. पडद्यावर एकच सुळका उभा राहिला, सतरावर. सेकंदाला सतरा वेळा थरथर. इतकी सावकाश थरथर दात्यांची असूच शकत नाही, जड पाया डुलत असेल तरच ती असते. डॉक्टर कामात काटेकोर होते हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी सोडवली, बटण एक पायरी वर नेऊन हजारावर ठेवलं. सुळका सतरावरच. एक पायरी खाली, दोनशेवर. तरी सतरावरच. त्यांनी समाधानाने पट्टी परत लावली. अहवाल गेला. पाया डळमळीत असून दुरुस्तीच्या वेळी बोल्ट व चकत्या निष्काळजीपणे बसवल्याचे दिसते, असं त्यात होतं. आकडे मी उतरवून दिले होते.

तीन आठवड्यांनी कारखान्याचं आभाराचं पत्र आलं. बाहेरचा ठेकेदार बोलावून बोल्ट आवळून घेतले, थरथर आता पुष्कळ कमी वाटते, आणि निष्काळजी फिटरला निलंबित करून चौकशी लावली आहे. थरथर कमी वाटते, हे वाक्य वाचून मला दूध संघाचे व्यवस्थापक आठवले. शेवटचं वाक्य मात्र पुन्हा वाचलं. चौकशीत आमचाच अहवाल पुरावा होणार होता. म्हणजे मिस्त्रीची नोकरी गेल्यातच जमा होती.

त्या दिवशी डॉक्टर पुण्याला होते. मी टेप काढली आणि यंत्राला न लावता एका साध्या रेडिओच्या स्पीकरला लावली. तोच बारीक आवाज, स्वच्छ. मग कारखान्याने भरून दिलेला माहितीचा कागद काढला. त्यात जनित्राच्या दांड्यावरच्या मोठ्या चाकाचे दात एकशे एकवीस होते. त्या दिवशीच्या नोंदीत जनित्राचा वेग मिनिटाला चौदाशे शहाण्णव फेरे. साठाने भागून एकशे एकवीसने गुणलं. सेकंदाला तीन हजार सतरा वेळा दाताला दात लागत होता.

तीन हजार सतरा. यातून पाचशे सहा वेळा काढले की उरतात सतरा. हजार तीन वेळा काढले तरी सतरा. दोनशे पंधरा वेळा काढले तरी सतराच. डॉक्टरांनी तीन-तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा बटणाच्या गोल आकड्यांनी त्यांना एकच सोंग दाखवलं होतं. यंत्र पाचशेच्या चालीने बघत होतं, दर नजरेला दाते सहा घरं ओलांडून जरासे पुढे गेलेले दिसत होते, आणि तेवढं जरासंच यंत्राने खरं मानलं होतं. फिल्टर असता तर तीन हजारांची थरथर दारातच अडली असती, सुळका दिसलाच नसता आणि निदान आम्ही गप्प बसलो असतो.

खात्री करायला मी रेडिओच्या दुकानापासून जपलेला माझा ऑसिलेटर, म्हणजे हवा तो ताल देणारी पेटी, आणला आणि यंत्राच्या नजरा त्याच्या तालावर लावल्या, चारशे सत्तर. हा आडवा आकडा कोणत्याच बटणावर नसतो. सुळका सतरावरून उडाला आणि एकशे सत्त्याण्णववर जाऊन उभा राहिला. आपण बघण्याची चाल बदलली म्हणून खरी थरथर जागा बदलत नाही. जागा बदलली म्हणजे ती सोंगच. मग बटण दहा हजारांवर नेलं. तीन हजार सतरावर सुळका आला, आणि सतरावर सपाट मैदान. हे यंत्र पहिल्यापासून हे दाखवू शकत होतं. त्याच्या बटणावर आम्ही पट्टी लावून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं करून दाखवलं. ते मूर्ख असते तर मला इतका राग आला नसता. त्यांना पहिल्या मिनिटात कळलं. मग म्हणाले, अहवाल गेलेला आहे, हंगाम संपल्यावर पुरवणी अहवाल देऊ, आता लगेच फिरवला तर केंद्राची अब्रू जाईल. मी म्हटलं, मिस्त्री घरी बसलाय. ते म्हणाले, "फिटर दोन-तीन महिने घरी बसला तर काय होतं, देशमाने? तुमचाही कागद अजून व्हायचाय, लक्षात ठेवा." हे त्यांनी अगदी सौम्यपणे, माझ्या भल्यासाठी सांगितल्यासारखं सांगितलं.

मी पुतणीच्या लग्नाचं खोटं कारण लिहून रजा टाकली आणि श्रीरामपूरची एसटी धरली. तिथून बेलापूर. मिस्त्रीच्या घरी पोचलो तेव्हा तो ओट्यावर शेजाऱ्यांचा स्टोव्ह खोलून बसला होता. त्याच्या बायकोने, मार्थाबाईंनी, पाणी दिलं, पण नगरचा साहेब म्हटल्यावर तोंड फिरवून त्या आत गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मी मिस्त्रीला सगळं सांगितलं. सोंगाचं गणितही पंख्याचं उदाहरण देऊन सांगितलं, तुमचं बरोबर होतं असं सांगितलं. तो खूश होईल अशी माझी कल्पना होती. वाटेत मी माफीचं एक वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

त्याने स्टोव्ह बाजूला सारला. "मंजी अजून ते तसंच चालूच हाय?"

मी हो म्हटलं.

"डब्याशेजारी ऑइलमन बसतो, साहेब. टेकून बसतो. दात तुटून मधी आला तर डबा फुटंल. माजं ऱ्हाऊ द्या, आदी ते बंद करा."

मला लाज वाटली. तीन आठवडे मी सुळक्याचा विचार करत होतो, फार तर त्याच्या नोकरीचा. ऑइलमन माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

आम्ही त्याच्या सायकलवर डबलसीट कारखान्यावर गेलो. निलंबित माणसाला आत सोडायचं नाही असा हुकूम असल्याने फाटकावरच्या रखवालदाराने मिस्त्रीला अडवलं. तो उसाच्या गाड्यांपाशी उभा राहिला आणि मी एकटा वाघचौऱ्यांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, लेखी द्या. मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून दिलं, की आमच्या अहवालातील निष्कर्ष चुकीचा आहे, दोष गिअरबॉक्सच्या लहान चाकात आहे, संच चालू ठेवणं धोक्याचं आहे. खाली सही केली, हुद्दा लिहिला. तो वाचून त्यांनी विचारलं, डॉक्टरांची सही कुठे आहे?

"डॉक्टरांची सही चुकीच्या कागदावर आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. आता काही झालं असतं तर हा कागद त्यांच्या फायलीत निघाला असता. पंधरा दिवस मिस्त्री जीव तोडून सांगत होता तेव्हा हा गृहस्थ हलला नाही. डबा फुटेल, माणूस मरेल, याने हलला नाही. फायलीत कागद आल्यावर अर्ध्या तासात संच थांबला.

सहा नट निघाले, झाकण उचललं. वाघचौऱ्यांनी बॅटरी आत धरली. लहान चाकाचा एक दात अर्धा गेलेला होता, आणि शेजारच्या दोन दातांच्या मुळाशी केसासारखी भेग होती. ऑइलमनचं स्टूल तिथून हातभर अंतरावर होतं. त्यावर त्याचा जेवणाचा डबा आणि गमछा होता. ठेकेदाराच्या माणसांनी आधीच सांगून टाकलं की हे त्यांचं काम नाही. तेव्हा वाघचौऱ्यांनी फाटकावर माणूस पाठवून मिस्त्रीला आत बोलावलं. निलंबन वगैरे त्या वेळी कोणाला आठवलं नाही. सुटं चाक भांडारात होतं. तीन दिवसांत त्याने संच उभा केला.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. मिस्त्रीला पत्र मिळालं, 'चौकशीत दोष सिद्ध न झाल्याने कामावर घेण्यात येत आहे.' घरी बसवलेले दिवस त्याच्या रजेतून वळते केले. माफी कोणी मागितली नाही, आणि मी जुळवलेलं वाक्यही त्या धावपळीत राहूनच गेलं. आमच्या केंद्राने पुरवणी अहवाल दिला, त्यात आधुनिक डिजिटल पृथक्करणामुळे गिअरमधील गंभीर दोष वेळीच उघडकीस आला असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी त्यावर एक निबंधही वाचला. अधिकार नसताना पत्र दिल्याबद्दल मला मेमो मिळाला आणि कायम होण्याचा माझा कागद वर्षभर लांबला. फिल्टर मागवायचा प्रस्ताव मी तीनदा दिला. तो आला तेव्हा आमच्याकडे ट्रेलरशिवाय दुसरं कोणतंच काम उरलं नव्हतं.

एका हंगामाआड मी पुन्हा त्या कारखान्यावर गेलो. या वेळी रसाचा एक मोठा पंप कुरकुरत होता. आता मी एकटाच जात असे, आणि सगळं नीट करत असे. आधी काय मोजायचं ते ठरवायचं, चाली दोन-तीन आडव्या आकड्यांवर बदलून बघायच्या, दात मोजायचे, फेरे मोजायचे. वाघचौऱ्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं. एव्हाना ते त्याच्याशी आदराने बोलू लागले होते.

"मिस्त्री, जरा ऐकून सांगा, कशाचं आहे."

मिस्त्री हात मागे बांधून उभा होता. म्हणाला, "नगरचे साहेब आलेत की. मशीन सांगंल."

मी सिग्नल टेपवर भरून घेतला. यंत्र नगरलाच होतं, म्हणून त्या दिवशी कागदी आलेख काढून हाताने मोजत बसलो. चार तास लागले. शेवटी सांगितलं, मोटरच्या बाजूचं बेअरिंग गेलंय. उत्तर बरोबर होतं आणि मला त्याचा अभिमानही वाटला. वाघचौऱ्यांनी भांडारात माणूस पिटाळला, तो परत येऊन म्हणाला की भांडारपाल जेवायला गेलाय.

तेव्हा मिस्त्री पंपाच्या मागे गेला, तिथल्या फळीखालून तेलकट कागदाची एक गुंडाळी काढली आणि सोडली. आत नवं बेअरिंग होतं, मोटरच्या बाजूचं. भांडाराची पावती सकाळची होती, मी यायच्या आधीची. वाघचौऱ्यांनी पावती बघितली नाही. त्यांना वेळेवर वस्तू मिळाल्याचं समाधान होतं आणि ते निघून गेले.

मी मिस्त्रीला विचारलं, तुम्हाला सकाळीच कळलं होतं, मग बोलला का नाहीत?

तो पाना शोधत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "येकदा सांगून बगितलं हुतं की, साहेब."